चामखीळ, कोंब की आणखी काही?

मराठीतला ‘चामखीळ’ हा शब्द संस्कृतातील ‘चर्मकील’, म्हणजे कातडीत रुतलेला खिळा, या शब्दावरून आलेला आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अर्श म्हणजे मूळव्याधीचे जे प्रकरण आहे, त्यातच जननेंद्रियांवर उगवणाऱ्या मांसांकुरांचे आणि या चर्मकीलाचेही वर्णन येते. डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या वाढी एकाच कुळात घालणे हे त्या काळच्या साधनांना धरूनच होते. परंतु गुदद्वाराजवळ हाताला काही लागले की ‘कोंब आला’ किंवा ‘मोड आला’ म्हणून मूळव्याधीचे औषध सुरू करण्याची सवय आजही टिकून आहे, आणि जननेंद्रियांवरील चामखिळींचे निदान लांबण्यामागे लाजेइतकाच या सवयीचाही वाटा आहे.

या चामखिळी ‘ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस’ म्हणजे संक्षेपाने एचपीव्ही या विषाणूमुळे होतात. त्याचे 200हून अधिक प्रकार ज्ञात असून त्यांपैकी सुमारे 40 प्रकार जननेंद्रियांच्या व गुदद्वाराच्या त्वचेला बाधतात. मात्र चामखिळींच्या सुमारे 90 टक्के प्रकरणांत 6 आणि 11 या क्रमांकांचेच प्रकार आढळतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी ज्यांचा संबंध जोडला जातो ते प्रामुख्याने 16 आणि 18 हे निराळे प्रकार होत, आणि त्या संबंधाच्या शोधासाठीच जर्मन विषाणुशास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांना 2008 साली नोबेल पारितोषिक मिळाले. एचपीव्ही हे नाव कानी पडताच ज्या रुग्णाच्या मनात कर्करोग उभा राहतो, त्याला हा फरक पहिल्याच भेटीत समजला पाहिजे. स्त्रियांनी गर्भाशयमुखाची तपासणी वयानुसार करून घ्यावी हे खरेच, पण ती चामखीळ असो वा नसो करावयाचीच असते.

निदानाचे मुख्य साधन आहे ते जाणत्या डॉक्टरची नजर. ज्या वैद्यकशाखेच्या पाटीवर ‘त्वचारोग, गुप्तरोग व कुष्ठरोगतज्ज्ञ’ असे लिहिलेले असते तिचा हा विषय असून, स्त्रीरोगतज्ज्ञही हे निदान करतात. सरकारी रुग्णालयांतील सुरक्षा क्लिनिकमध्ये लैंगिक आजारांची तपासणी मोफत होते. चांगल्या उजेडात, गरज भासल्यास भिंगाखाली, मऊ, खडबडीत, फुलकोबीच्या तुऱ्यासारखी किंवा सपाट पुटकुळीसारखी वाढ दिसली की बहुतेक वेळा तेवढ्यावरून निदान होते. तपासणी मात्र पुरती हवी: शिश्नाच्या कातडीखालचा भाग, मूत्रद्वार, योनिमार्ग आणि गुदद्वाराभोवतीची त्वचा न पाहता, रुग्णाने बोट दाखवले तेवढीच जागा पाहून दिलेला निर्णय अपुरा ठरतो. रक्त तपासल्याखेरीज रोग खरा ठरत नाही अशी जी समजूत रूढ आहे, ती येथे लागू पडत नाही, कारण चामखीळ दाखवून देणारी रक्तचाचणी अस्तित्वातच नाही. एचपीव्हीची म्हणून जी चाचणी प्रयोगशाळांत होते ती गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका शोधण्यासाठी असते, त्यामुळे चामखिळीच्या निदानासाठी तिच्यावर पैसे खर्च करण्याचे कारण नाही. त्वचेवर सौम्य ॲसेटिक आम्ल लावून ती पांढरी पडते का ते पाहण्याची रीतही बाहेरच्या त्वचेवर भरवशाची नाही. साधी सूज किंवा ओरखडाही तसाच पांढरा पडतो.

खरे कौशल्य लागते ते चामखिळीसारख्या दिसणाऱ्या गोष्टी वेगळ्या काढण्यात. शिश्नमुंडाच्या कडेने एकसारख्या, मोत्यांच्या ओळीप्रमाणे बसलेल्या बारीक पुळ्या पुष्कळ पुरुषांना असतात आणि तो शरीररचनेचा स्वाभाविक भाग आहे. स्त्रियांच्या योनिद्वाराच्या आतल्या बाजूला दिसणारे मऊ, दोन्हीकडे सारखे अंकुरही तसेच निरुपद्रवी असतात. अशा अंकुरांतील प्रत्येकाचे बूड सुटे असते, तर चामखिळीचे तुरे पुष्कळदा एकाच बुडातून फुटलेले दिसतात, हा बारकावा जाणत्या डोळ्याला कळतो; तो न कळल्यास निरोगी त्वचा जाळून काढली जाते आणि नसलेल्या रोगाचा डाग मनावर बसतो. मोलस्कम नावाच्या दुसऱ्या विषाणूच्या पुळ्यांना मध्यभागी खळगी असते. सर्वांत घातक गफलत मात्र उपदंशाशी, म्हणजे सिफिलिसशी होते. त्या रोगाच्या दुसऱ्या टप्प्यात जननेंद्रियांजवळ व गुदद्वाराजवळ रुंद, चपट्या, ओलसर गाठी येतात, ज्या चामखीळ समजून जाळल्या तरी मूळ रोग शरीरात तसाच राहतो आणि पुढे मेंदू व हृदयापर्यंत पोहोचू शकतो. वास्तविक तो पेनिसिलिनने बरा होतो. म्हणूनच चामखीळ स्पष्ट दिसत असतानाही व्हीडीआरएल ही उपदंशाची रक्तचाचणी आणि तिच्याबरोबर एचआयव्हीचीही चाचणी सांगितली जाते. ती रुग्णाच्या चारित्र्याची चौकशी नव्हे, आणि हे डॉक्टरने आपणहून सांगावे.

वाढ काळसर किंवा टणक असेल, तिच्यावर जखम होत असेल, रक्त येत असेल, उपचारांना ती दाद देत नसेल किंवा रुग्णाची प्रतिकारशक्ती क्षीण असेल, तर तिचा लहानसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. यालाच बायोप्सी म्हणतात. जागा बधिर करून केली जाणारी ही तपासणी सर्वांना लागत नाही, परंतु वरीलपैकी काही दिसत असताना ती टाळली, तर कर्करोगाची सुरुवात नजरेतून निसटू शकते. तपासणीपूर्वी चुना लावणे, घोड्याचा केस बांधून चामखीळ तोडणे किंवा हातापायांच्या चामखिळीसाठीचे आम्ल तेथे ओतणे यांमुळे नाजूक त्वचा भाजते, आणि वाढीचे मूळ रूप पुसले गेल्याने निदानच अवघड होऊन बसते.

रुग्णाने डॉक्टरला हे काय आहे, ते कशावरून ठरवले आणि दुसरे काही असण्याची शक्यता किती, एवढे विचारावे, व ‘काही नाही, मलम लावा’ या उत्तरावर थांबू नये. प्रश्न विचारताना गरोदरपणाची कल्पना अवश्य द्यावी, कारण पोडोफायलिनसारखी काही औषधे त्या काळात वर्ज्य असतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक ही लस 6, 11, 16 व 18 या चार प्रकारांपासून संरक्षण देते, परंतु कोणतीही एचपीव्ही लस आधीच आलेल्या चामखिळी घालवत नाही.

एका प्रश्नाचे उत्तर मात्र निदानातून मिळत नाही, आणि घरे मोडतात ती बहुधा त्याच प्रश्नावरून: हा संसर्ग कोणाकडून आला? संसर्ग झाल्यापासून चामखीळ दिसेपर्यंत साधारणपणे तीन आठवडे ते आठ महिने जातात, परंतु विषाणू काही लक्षण न दाखवता त्याहून पुष्कळ अधिक काळ, कधी वर्षानुवर्षेही, त्वचेत राहू शकतो. शिवाय ज्याच्याकडून तो आला त्याच्या अंगावर एकही चामखीळ नसू शकते. लग्नाला दहा वर्षे झालेल्या जोडप्यातील एकाला आज चामखीळ उठली, तर तिच्यावरून दुसऱ्याच्या किंवा त्याच्या स्वतःच्या अलीकडच्या वर्तनाविषयी काहीही सिद्ध होत नाही, आणि ही गोष्ट शक्य असेल तेव्हा दोघांना एकत्र बसवून, औषधाची चिठ्ठी हाती देण्यापूर्वीच सांगितली जावी.