लघवीची गोळी आणि जुनी चिठ्ठी

रक्तदाब वाढला, हृदय दुबळे झाले अथवा पायांवर सूज आली, की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अनेकदा एक लहानशी गोळी येते. शास्त्रीय परिभाषेत ते मूत्रल औषध. व्यवहारात तिचे नाव लघवीची गोळी. मूत्रपिंडातून मीठ पुन्हा रक्तात शोषले जाऊ नये, अशी तिची योजना असते. मीठ बाहेर पडते आणि त्यामागोमाग पाणीही जाते. फुप्फुसांत पाणी साठून गुदमरणाऱ्या रुग्णास या औषधाने मिळणारा दिलासा विलक्षण असतो.

1919 मध्ये व्हिएन्नात उपदंशासाठी दिलेल्या पारायुक्त इंजेक्शनाने लघवी भरपूर होते, असे योगायोगाने आढळले. पाऱ्याचा धोका टळला तो 1950 च्या दशकाच्या अखेरीस थायझाइड गोळ्या आल्यानंतर. पुढल्या दशकात अधिक प्रभावी फ्युरोसेमाइड आले. औषधे सुधारली, परंतु ती वापरण्याची रीत सर्वत्र सुधारली असे म्हणता येत नाही. जुनी चिठ्ठी दुकानात दाखवावी आणि वर्षानुवर्षे तीच गोळी आणावी, हा परिपाठ अनेक घरांत चालू असतो. औषध तेच राहते. शरीर आणि ऋतू मात्र तेच राहत नाहीत.

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत ही गोष्ट विशेष ध्यानात घेतली पाहिजे. महाबळेश्वरी धो धो पाऊस कोसळतो. परंतु त्याच जिल्ह्यातील माण-खटाव आणि शेजारच्या सांगलीतील आटपाडी-जत हा पर्जन्यछायेचा मुलूख आहे. एप्रिल-मेच्या उन्हात घामावाटे पाणी व क्षार आधीच जातात. त्यांत गोळीची भर पडते. मग उठताना भोवळ येते, पायांत गोळे येतात, छातीत धडधडते. रक्तातील सोडियम फार उतरले, तर वृद्ध माणूस असंबद्ध बोलू लागतो आणि घरची मंडळी ‘वय झाले’ म्हणून स्वस्थ बसतात. खरे कारण रक्ताच्या एका साध्या तपासणीत कळू शकते.

फ्युरोसेमाइड व थायझाइड यांनी पोटॅशियम घटते, तर स्पायरोनोलॅक्टोनने ते वाढते. म्हणूनच एकाला हितकर ठरलेले शहाळ्याचे पाणी दुसऱ्याच्या हृदयास घातक ठरू शकते. ऊसतोडणीने अंग ठणकते म्हणून डायक्लोफिनॅक वा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके परस्पर घेणेही धोक्याचे होय. रक्तदाबाची काही औषधे, लघवीची गोळी आणि ही वेदनाशामके एकत्र आली, तर मूत्रपिंडास इजा पोहोचण्याचा संभव वाढतो.

याच्या उलट प्रकारही घडतो. जतहून मिरजेस तपासणीला निघालेला रुग्ण एस.टी.त पंचाईत नको म्हणून त्या दिवशीची गोळी चुकवतो आणि पाणीही पीत नाही. स्त्रियांची कुचंबणा तर अधिकच. अशा दिवशी मोजलेला रक्तदाब दिशाभूल करणारा ठरू शकतो. वास्तविक तोंडाने घेतलेल्या फ्युरोसेमाइडचा मुख्य जोर सहा ते आठ तासांत ओसरतो. प्रवासाच्या दिवशी वेळ कशी बदलावी, हे डॉक्टरांना संकोच न बाळगता विचारावे.

पथ्ये थोडीच, पण पाळण्यासारखी आहेत. दुसरी सूचना नसेल तर गोळी सकाळी घ्यावी, म्हणजे रात्रीची झोप मोडत नाही. सुजेचा वा हृदयाचा विकार असल्यास रोज सकाळी वजन टिपावे. दोन-तीन दिवसांत दोन किलोंनी वाढले तर डॉक्टरांना कळवावे. जुलाब-वांत्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी सल्ला घ्यावा. सोडियम, पोटॅशियम व क्रिएटिनिन यांची तपासणी ठरल्या वेळी करून घ्यावी. बरे वाटते म्हणून गोळी मनाने सोडू नये आणि सूज दिसते म्हणून मनाने वाढवूही नये.

दुष्काळी मुलखात विहिरीतून पाणी उपसण्यापूर्वी माणूस आत डोकावून पाहतो. शरीरातील पाणी उपसताना तेवढे तारतम्य बाळगले, तरी पुष्कळ अनर्थ टळतील.