चित्रं आपली, हक्क कुणाचे?

अकोल्याची दोन मुलं मध्यंतरी माझ्याकडे आली होती. एक वऱ्हाडी आजी आणि तिची आगाऊ बकरी यांच्यावर त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर दोन मिनिटांची कार्टून फिल्म केली होती. ती पाहून मी पोट धरून हसलो. आता त्यांना याच जोडीची २६ भागांची मालिका करायची होती. त्यातला एक म्हणाला, "काका, चित्रं त आमी काढू, पन पैसा कोन देईन अन् दाखवीन कोन?"

प्रश्न अगदी बरोबर होता, फक्त त्याचा क्रम उलटा होता. दाखवणारा सापडला की पैसा सापडण्याची शक्यता असते. नुसता पैसा सापडला, तर फिल्म कपाटात पडून राहते.

या धंद्यात पैसा आधी का लागतो, ते पाहा. मुलांच्या कार्टूनचा एक भाग साधारण ११ मिनिटांचा, म्हणजे ६६० सेकंदांचा असतो. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर १५,८४० चौकटी होतात. एकच चित्र दोन चौकटींना वापरलं, तरी ७,९२० चित्रं लागतात. आता कॉम्प्युटरवर पात्राचे हात, पाय, डोळे सुटे करून ठेवता येतात आणि तेच पुन्हा पुन्हा वापरता येतात. त्यामुळे मेहनत पुष्कळ वाचते. पण लेखन, आवाज, संगीत आणि महिनोन्‌महिने बसून काम करणाऱ्यांचा पगार चुकत नाही. उत्पन्न मात्र सगळ्यात शेवटी.

ही अडचण नवी नाही. दादासाहेब फाळक्यांकडे 'राजा हरिश्चंद्र'साठी पैसे नव्हते. नुसत्या बोलण्यावर भांडवल मिळेना, तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवून वर येईपर्यंत त्याचं थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर तो वाटाणा मिनिटभरात मोठा झाला. हा नमुना पाहून सावकारी करणाऱ्यांचा विश्वास बसला आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी काडेपेटीतल्या काड्या हलवून 'आगकाड्यांची मौज' ही फिल्म केली. म्हणजे एकेक चौकट घेऊन चित्र हलवण्याची विद्या आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे.

मुलांना मी म्हटलं, तुमची दोन मिनिटं हाच तुमचा वाटाणा. घर गहाण टाकून आख्खा पहिला भाग करू नका. नमुना, पात्रांची चित्रं, २६ भागांच्या गोष्टी चार-चार ओळींत आणि खर्चाचा खरा अंदाज, एवढं घेऊन दारं ठोठवा.

आता दाखवणाऱ्याकडे वळू. याबाबतीत आपल्या वऱ्हाडाला जुना अनुभव आहे. सिनेमाच्या व्यापाऱ्यांनी देशाचे मुलूख पाडले होते आणि त्यातला एक सी. पी.-बेरार. त्या नावाचा प्रांत केव्हाच इतिहासजमा झाला, पण वितरकांच्या वह्यांत तो पुढेही अनेक वर्षं जिवंत राहिला. भुसावळला आणि अमरावतीला वितरकांच्या कचेऱ्या होत्या. तिथून रिळांच्या पेट्या गावोगावच्या टॉकीजला जात. वितरक कधी नुसत्या कमिशनवर सिनेमा चालवी, तर कधी 'मिनिमम गॅरंटी', म्हणजे धंदा होवो न होवो, ठरलेली रक्कम निर्मात्याला आधीच देई. या आगाऊ रकमांवर कित्येक सिनेमे पुरे झाले.

पण त्या बदल्यात वितरकाला काय मिळे? सिनेमा नव्हे. ठरलेल्या मुलखात, ठरलेली वर्षं तो दाखवण्याचा हक्क, एवढंच. बेरार विकलं तरी मुंबई निर्मात्याच्या हातात राही. मला तरी हे फार शहाणपणाचं वाटतं, कारण आज समोर येणाऱ्या छापील करारांत बहुधा 'सर्व हक्क, सर्व जगभर, कायमचे' असं लिहिलेलं असतं.

असं लिहून दिल्यावर काय होतं, ते वॉल्ट डिस्नेला विचारायला हवं होतं. ऑस्वाल्ड नावाचा ससा त्याने पडद्यावर आणला आणि तो लोकांना आवडला. १९२८ साली जास्त पैसे मागायला तो न्यूयॉर्कला गेला, तर वितरकाने उलट रक्कम कमी करायची भाषा केली. सशाचे हक्क युनिव्हर्सल कंपनीकडे होते आणि डिस्नेचे बहुतेक चित्रकारही वितरकाने फोडले होते. ससा गेला. त्यानंतर मिकी माऊस जन्मला, हे खरं, पण प्रत्येकाच्या नशिबात मिकी नसतो. डिस्नेच्या कंपनीला तो ससा परत मिळाला २००६ साली, म्हणजे ७८ वर्षांनी!

आपला १९५७चा कॉपीराइट कायदा कलावंताची थोडी काळजी घेतो. हक्क दिल्याच्या कागदात मुदत लिहिलेली नसेल, तर ती ५ वर्षं धरतात. प्रदेश लिहिलेला नसेल, तर भारतापुरताच. पण कागदावर 'कायमचे' छापलेलं असेल, तर या तरतुदी कामाला येत नाहीत. शिवाय कुणी पैसे देऊन तुमच्याकडून फिल्म करवून घेतली आणि वेगळं काही ठरलेलं नसलं, तर तिचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो. 'छोटा भीम' २००८ साली पोगो वाहिनीवर आला, पण पात्राचे हक्क हैदराबादच्या ग्रीन गोल्ड कंपनीने स्वतःकडे ठेवले. म्हणून दप्तरं, खेळणी, कपडे यांचा पैसा तिच्याकडे आला.

वाहिनीचं दार उघडत नसेल, तर यूट्यूब आहे. तिथे कुणाची परवानगी लागत नाही. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातले ५५ टक्के करणाऱ्याला मिळतात. मात्र लहान मुलांसाठी असलेल्या व्हिडिओवर २०२०पासून बघणाऱ्याच्या आवडीनुसार जाहिराती दाखवता येत नाहीत, त्यामुळे कमाई घटते. तेव्हा त्यावर घर चालेल असं धरू नये. बकरी किती जणांना आवडते, हे दाखवणारा पुरावा म्हणून मात्र यूट्यूबचा उपयोग मोठा. आमची वऱ्हाडी आजी मोठ्या माणसांनाही हसवते, ही जमेची बाजू.

या मुलांच्या खिशात एका कंपनीचा कागद होताच. एकरकमी पैसे, आणि त्याबदल्यात आजी-बकरी कायमची कंपनीची. रक्कम त्यांच्या वयाला भुरळ पाडणारी होती. एकाच्या घरी बहिणीचं लग्न निघालं होतं. मी त्यांना सही करू नका असं सांगितलं नाही, कारण लग्नाचा खर्च माझ्या अंगावर नव्हता. एवढंच सुचवलं की मराठी आणि हिंदीचे हक्क ३ वर्षांसाठी द्या, पात्रं स्वतःकडे ठेवा, आणि सही करण्यापूर्वी कागद वकिलाला दाखवा.

गेल्या आठवड्यात फोन आला. कंपनी 'कायमचे'वरून ७ वर्षांवर आली आहे. बाहुल्या आणि पुस्तकं यांचे हक्क मात्र सोडायला तयार नाही. बोलणी चालू आहेत.