अभिरुचीचे भांडवल

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी १९६३ आणि १९६७-६८ मध्ये १,२१७ माणसांना संगीत, चित्रे, जेवण, फर्निचर यांतील आवडीनिवडी विचारल्या. माणसाची ‘उपजत’ अभिरुची घराने आणि शाळेने घडवलेली असते, हे त्यांनी १९७९ च्या ग्रंथात दाखवले. हेच सांस्कृतिक भांडवल. त्यात जात मिळवली की आपल्याकडचा हिशेब पुरा होतो.

मी घरातला पहिला पदवीधर. शेजारच्या प्राध्यापकांचा आणि माझा पगार सारखाच. पण त्यांच्या कपाटात आजोबांची पुस्तके आहेत. माझे आजोबा अंगठा उठवीत. एवढे कळूनही गेल्या वर्षी तोंडी परीक्षेत ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलीचे दोन गुण मी कापले. उत्तर बरोबर होते. माझी आई आजही पानीच म्हणते.