डोंबिवलीच्या सुनांची साठी

फडके रोडवर दिवाळी पहाटेला उसळणारी गर्दी पाहून डोंबिवली म्हणजे तरुणांचं गाव, असं बाहेरच्यांना वाटतं. त्याच रोडमागच्या, सत्तर-ऐंशीच्या दशकांत उभ्या राहिलेल्या बिनलिफ्टच्या इमारतींत भर दुपारी बेल वाजवून पाहा. दार बहुधा साठी ओलांडलेली बाई उघडेल. गिरगाव-दादरच्या चाळीत जागा पुरेना, म्हणून नवऱ्याबरोबर वन रूम किचनमध्ये संसार थाटायला आलेली ही सून. एका इमारतीत घरं घेणारी जोडपी तेव्हा साधारण एकाच वयाची होती. साहजिकच अख्ख्या मजल्याची साठी आगेमागेच झाली. मुलुंड, पार्ले, बोरिवलीच्या जुन्या सोसायट्यांतही याहून वेगळं चित्र नाही.

‘माणसं हल्ली फार जगतात, म्हणून वस्ती म्हातारी झाली’ हे त्यावरचं ठरलेलं स्पष्टीकरण. ते फार तर अर्धं खरं आहे. वस्तीचं सरासरी वय चढायला मोठा हातभार लागतो तो पाळणे कमी हलल्यामुळे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात 1992-93 साली एका बाईमागे सरासरी 2.9 मुलं होती, 2019-21 मध्ये 1.7. पिढीला पिढी पुरायची तर 2.1 लागतात. म्हणजे वरची माणसं टिकली नसती तरी खालची भर आटल्यामुळे सरासरी वाढलीच असती. उपनगरात आणखी एक कारण जोडीला येतं. मुलगी लग्न होऊन जाते, मुलगा हिंजवडीला किंवा परदेशी. गावातच राहिला तरी तो कल्याण-शीळ रस्त्यावरच्या नव्या संकुलात फ्लॅट घेतो, कारण आईच्या खोलीत दोन संसार मावत नाहीत. एकाच महापालिकेच्या हद्दीत मग एक भाग पाळणाघरं शोधतो आणि दुसरा फिजिओथेरपिस्ट. अख्ख्या शहराची सरासरी काढली की दोन्ही भाग त्यात नाहीसे होतात. अशा सरासरीवर बागा आणि दवाखाने आखणाऱ्यांचं मला नेहमीच नवल वाटतं.

‘सरासरी आयुर्मान सत्तर, म्हणजे साठीनंतर उरली दहा वर्षं.’ हा हिशेब भले शिकलेले लोकही करतात आणि निवृत्तीचे पैसे त्याच बेताने लावतात. 2014-18च्या नमुना नोंदणीनुसार भारतात मुलीचं जन्मावेळचं आयुर्मान 70.7 वर्षं होतं. पण हा आकडा नवजात बाळाचा. तान्हेपणी, लहानपणी, ऐन तारुण्यात गेलेल्यांमुळे तो खाली ओढलेला असतो. ज्या बाईने साठी गाठली तिने हे सगळे धोके मागे टाकलेले असतात. तिच्यापुढे सरासरीने आणखी जवळपास एकोणीस वर्षं असतात, पुरुषापुढे साडेसतराच्या आसपास. ऐंशीच्या उंबरठ्यापर्यंतची सोय करायची आहे, सत्तरीपर्यंतची नव्हे. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, गुडघे गेलेल्या बाईला ही एकोणीस वर्षं जिन्याच्या पायऱ्यांत मोजावी लागतात.

‘मुंबईकडे बायकांपेक्षा पुरुष जास्त’ हेही आकड्याला धरून आहे. 2011च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 860 स्त्रिया होत्या. कामधंद्यासाठी एकटे येणारे पुरुष हे त्यामागचं मोठं कारण. मात्र म्हातारपणात पारडं फिरतं. त्याच जनगणनेत देशभरात साठीपुढच्या हजार पुरुषांमागे 1033 स्त्रिया होत्या. नवरा वयाने मोठा आणि बाईचं आयुष्य लांब, या दोन गोष्टी एकत्र आल्या की पुढचं सांगायला नको. साठीपुढच्या स्त्रियांत निम्म्याच्या जवळपास विधवा होत्या. विधुरांचं प्रमाण याच्या साधारण एक तृतीयांश. ज्येष्ठ नागरिक संघांत व्यासपीठावर आजोबा असतात खरे, पण घरात एकट्या राहण्याचा प्रश्न मुख्यतः आजींचा आहे.

या आजी ‘घरच्यांवर अवलंबून’ असतात, या समजाबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. नातवंडांची शाळेची बस कोण गाठतं ते सकाळी सोसायटीच्या फाटकावर दिसतंच.

वयाच्या रेषा सरकारच्या प्रत्येक योजनेत निराळ्या. लाडकी बहीण योजना 21 ते 65 या वयाची. पासष्टीनंतर श्रावणबाळ योजना असते, पण तिथे उत्पन्नाची अट फार कडक. एसटीत मार्च 2023पासून सगळ्याच महिलांना निम्मं तिकीट, त्यामुळे बाईच्या पासष्टीला तिथे आता काही किंमत उरलेली नाही. फरक पडतो तो 75 पूर्ण झाल्यावर, तेव्हा प्रवास फुकट. आणि ज्या तारखेवर हे सगळं ठरतं ती कितीजणींची खरी? शाळेत घालताना गुरुजींनी लावलेली 1 जून. घरात मात्र कोणी पानशेतच्या पुराच्या वर्षाची, कोणी कोयनेच्या भूकंपाच्या वर्षाची.

‘वय काय, अंदाजे सांगितलं तरी चालतं’ हा शेवटचा गैरसमज, आणि त्याचं नुकसान सर्वांत जास्त. 2021ची जनगणना झालीच नाही. जनगणनेतले वयाचे आकडे अजून 2011चेच आहेत. तेव्हा पन्नास वर्षांची असलेली बाई 2027च्या जनगणनेत सहासष्टची असेल. त्यात लोक वयं सांगतात ती पाचाच्या-दहाच्या पाढ्यात, साठ, पासष्ट, सत्तर. मग कागदावर एकसष्ट-बासष्टच्या बायका ओस पडतात आणि साठीत झुंबड दिसते.

प्रगणक दारात येईल तेव्हा घरातल्या आजीचं वय तिच्या सुनेने किंवा नातवाने ‘लिहा सत्तर’ म्हणून उरकू नये. जनगणनेत पुरावा दाखवावा लागत नाही, सांगाल ते लिहिलं जातं. तेव्हा आजीलाच पुढे बसवा आणि पूर्ण झालेली खरी वर्षं तिच्याच तोंडून सांगू द्या.