संगणक घरी आला. आता त्याला औत कोणते जोडाल?

वाचकहो, बैलजोडी कितीही उमदी असली तरी नुसती जोडी शेत पिकवत नाही. नांगरटीला नांगर लागतो, ढेकळे मोडायला कुळव लागतो, पेरणीला कुरी लागते. ट्रॅक्टरचेही तेच. मागे रोटर, ब्लोअर किंवा ट्रॉली जोडली तर त्याच्या ताकदीचा उपयोग. नाही तर तो बांधावर उभा राहून गंजायचा. घरातल्या संगणकाचेही असेच आहे. पडदा, डबा आणि कळफलक ही झाली बैलजोडी. त्याच्याकडून काम करून घेणारे औत म्हणजे त्यात घालायचे सॉफ्टवेअर, आणि त्या सॉफ्टवेअरला लावायचे लहानमोठे जोड.

कुपवाडच्या आसपास हा विषय घराघरांतला आहे. 1998 साली सांगली-मिरजेबरोबर कुपवाड महापालिकेत गेले, तरी सावळी, बामणोली, कानडवाडी, तानंग या बाजूला घरातला एक जण औद्योगिक वसाहतीत कामाला आणि दुसरा रानात, अशी घरे पुष्कळ आहेत. थोरल्या मुलाने किंवा सुनेने एम.एस.सी.आय.टी. केलेले असते. कुठे शिक्षणासाठी नवा संगणक घेतलेला असतो, कुठे कचेरीतून काढलेला जुना स्वस्तात मिळालेला असतो. पहिले आठ दिवस सगळे त्याच्याभोवती गोळा होतात. मग हळूहळू त्यावर रुमाल पडतो आणि त्याचा उपयोग सिनेमे पाहण्यापुरता उरतो. दोष यंत्राचा नाही. त्याला आपल्या कामाचे औत जोडलेले नसते, एवढेच.

आधी काम ठरवा

1979 साली अमेरिकेत डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघांनी व्हिजिकॅल्क नावाचे सॉफ्टवेअर काढले. उभ्याआडव्या रकान्यांचा हिशेबाचा तक्ता पडद्यावर यायचा आणि एक आकडा बदलला की बेरजा आपोआप बदलायच्या. हे पाहून लोक दुकानात जाऊन आधी व्हिजिकॅल्क मागायचे आणि ते चालवण्यासाठी संगणक विकत घ्यायचे. आधी काम, मग यंत्र, असा तो क्रम होता.

आपल्या भागातलेही उदाहरण पाहा. 1998 साली वारणानगरच्या परिसरात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे 70 गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ योजना सुरू झाली. गावोगाव संगणक बसले. बाजारभाव, शेतीसल्ला, जमिनीचे उतारे अशा कितीतरी सोयींचा त्यात विचार होता. पुढे संशोधकांनी पाहणी केली तेव्हा दिसले की शेतकरी मुख्यतः उसाच्या नोंदींसाठी तिथे येतात. 2007 च्या सुमारास काही गावांत तेच काम मोबाईलवरच्या साध्या संदेशांनी करून पाहण्यात आले आणि तेही जमले. मोठ्या यंत्रावर पन्नास सोयी असल्या तरी माणूस वापरतो ती त्याच्या गरजेची.

तेव्हा संगणकात काही भरण्याआधी घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवावे की आपल्याला यातून कोणती दोन-तीन कामे हवीत. शेतकरी कुटुंबाला बहुधा हिशेब, अर्ज-पत्रे, सरकारी कागद आणि मुलांचा अभ्यास ही चार कामे असतात. त्यांना पुरेसे औत फुकट आणि कायदेशीर मार्गाने मिळते.

पहिले औत: मराठी अक्षर

मराठी लिहिता येत नसेल तर संगणक घरात पाहुण्यासारखाच राहील. पूर्वी श्रीलिपी, आकृती अशा फाँटांत मजकूर लिहीत. छपाईच्या धंद्यात त्यांनी मोठे काम केले. पण त्या काळच्या फाँटांत लिहिलेली फाईल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली आणि तिथे तो फाँट नसला, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा भुसा दिसायचा. युनिकोड आल्यावर ही अडचण गेली. 1991 च्या पहिल्याच युनिकोडमध्ये देवनागरीला जागा मिळाली. पुढे विंडोज 2000 बरोबर ‘मंगल’ हा फाँट आला, तो प्रा. र. कृ. जोशी या मराठी सुलेखनकाराने घडवलेला. आज युनिकोडमध्ये लिहिलेले मराठी कोणत्याही संगणकावर आणि मोबाईलवर मराठीच दिसते. म्हणून सोसायटीचा ठराव असो की लग्नाची यादी, युनिकोडमध्येच लिहा. जुन्या फाँटातल्या फायली असतील तर त्या बदलून देणारे परिवर्तक मिळतात. एकदा बसून सगळ्या बदलून घ्या.

त्यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. विंडोज 10 आणि 11 च्या सेटिंगमध्ये भाषेच्या जागी मराठी जोडली की कळफलक मिळतो. मग विंडोजची खूण असलेली कळ दाबून धरायची आणि स्पेसची कळ मारायची, की इंग्रजीचे मराठी होते. इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून मराठी उमटवणारा फोनेटिक कळफलकही तिथेच आहे. पण रोज लिहायचे असेल तर इनस्क्रिप्ट शिकावा. त्याची मांडणी सोपी आहे. काना, मात्रा, वेलांटी डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला. ‘कुपवाड’ लिहून पाहा: के, जी, एच, बी, ई आणि पी च्या लगतची चौकटी कंसाची कळ. सहा कळांत गावाचे नाव उमटले! रोज अर्धा तास सराव केला तर महिन्याभरात बोटे वळतात. मात्र ‘पी हळद आणि हो गोरी’ असे इथे चालत नाही.

अक्षर अधिक ठसठशीत हवे असेल तर मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाचा ‘मुक्ता’ हा फाँट फुकट मिळतो. म्हाताऱ्या माणसांनाही तो वाचायला बरा पडतो.

दुसरे औत: हिशेबाचा तक्ता

पत्रे लिहायला, हिशेब मांडायला आणि छापायला लिबरऑफिस घ्या. 2010 साली ओपनऑफिसमधून हे वेगळे निघाले. ते जगभरचे लोक मिळून सांभाळतात आणि ते पूर्णपणे फुकट आहे. त्याच्या सूचना मराठीत करून घेता येतात. मराठी शुद्धलेखन तपासणारा जोडही त्याला लावता येतो. चुकीच्या शब्दाखाली तांबडी रेघ येते. तयार पत्र एका बटणात पीडीएफ करता येते, म्हणजे छापताना मजकूर हलत नाही.

त्यातला ‘कॅल्क’ हा तक्ता शेतकऱ्याने अवश्य शिकावा. द्राक्षबागाईतदारांसाठी एक नमुना सांगतो. पहिल्या रकान्यात फवारणीची तारीख, मग प्लॉट, औषध, प्रमाण, किती लिटर पाणी, मजुरी आणि खर्च. आठव्या रकान्यात, म्हणजे एच मध्ये, त्या औषधाच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचे तो आकडा लिहा. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडून औषधांची जी यादी निघते, तिच्यात हे दिवस दिलेले असतात. आता नवव्या रकान्यात इंग्रजी कळफलकावर बरोबरचे चिन्ह देऊन ‘ए2 अधिक एच2’ एवढे सूत्र घाला. माल कोणत्या तारखेआधी तोडायचा नाही, ती तारीख समोर येते. आकड्याऐवजी तारीख दिसत नसेल तर त्या रकान्याचा प्रकार ‘तारीख’ असा करावा.

याचे मोल किती, ते 2010 च्या हंगामाने दाखवले. क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाल्यामुळे महाराष्ट्राची द्राक्षे युरोपात अडली आणि निर्यातदारांबरोबर बागाईतदारही पोळले. तक्ता करून अंश कमी होत नाहीत, हे खरे. पण कोणत्या प्लॉटवर कोणत्या दिवशी काय मारले, हे विचारणाऱ्याला डायरी शोधत न बसता लगेच दाखवता येते, आणि घाईने तोडणी करायला निघालेला हात वेळीच थांबतो.

हाच तक्ता उसाला, हळदीला, बेदाण्याला आणि दुधालाही चालतो. बायाबापड्यांनी बचत गटाचा हिशेब यावर मांडावा. नावे उभी, महिने आडवे, शेवटी बेरजेचे सूत्र. कोणाचे किती जमा आणि कोणाकडे किती येणे, यावरून बैठकीत वाद राहत नाही. सह्यांची वही मात्र सोडू नका. तक्ता मोजणीला, वही पुराव्याला.

तिसरे औत: इंटरनेटचे दार आणि त्याचा कुत्रा

इंटरनेट पाहायला ब्राउझर लागतो. फायरफॉक्स हा 2004 सालापासूनचा ब्राउझर मराठीतही मिळतो. त्याला ‘यूब्लॉक ओरिजिन’ नावाचा फुकट जोड जरूर लावा. हा जोड जाहिराती अडवतो. तुम्ही म्हणाल, जाहिरातींनी काय बिघडते? बिघडते ते असे. एखादी फाईल उतरवायला गेलात की पानावर ‘डाऊनलोड’ची चार हिरवी बटणे दिसतात, त्यातले खरे एक आणि बाकीची सापळ्याची. हा जोड बहुतेक सापळे दिसण्याआधीच उचलतो, आणि इंटरनेटचा डेटाही वाचतो. क्रोम वापरत असाल तर त्याला आता याची ‘लाइट’ आवृत्तीच चालते.

सातबारा हवा असेल तर महसूल विभागाच्या महाभूमी संकेतस्थळावर डिजिटल स्वाक्षरीचा उतारा 15 रुपये शुल्क भरून मिळतो. तो पीडीएफमध्ये येतो. घरातल्या एकाच फोल्डरमध्ये गटनंबराच्या नावाने ठेवावा, म्हणजे पीककर्जाच्या वेळी धावाधाव होत नाही.

मुलांसाठी

बालभारतीची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावरून पीडीएफमध्ये उतरवून घेता येतात. वाईला तयार झालेला मराठी विश्वकोशही इंटरनेटवर फुकट वाचता येतो. इंटरनेट सारखे जात असेल तर ‘किविक्स’ घ्या. त्यात मराठी विकिपीडिया एकदाच उतरवून ठेवला की पुढे जोडणी नसतानाही वाचता येतो. ध्वनिफिती आणि चित्रफिती चालवायला व्हीएलसी पुरेसा आहे. त्याला सहसा कोणती फाईल अडत नाही.

जुना संगणक असेल तर

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 ची नेहमीची देखभाल थांबवली. सुरक्षेची डागडुजी मिळाली नाही तर असा संगणक म्हणजे पडक्या कुंपणाचे रान. तो विंडोज 11 झेपणारा नसेल तर लगेच भंगारात घालू नका. ‘लिनक्स मिंट’ ही फुकट प्रणाली पेन ड्राइव्हवर घेऊन, आतले काही न पुसता चालवून पाहता येते. पसंत पडली, आपला प्रिंटर तिच्यावर चालला, तर फायलींची प्रत काढून मग ती बसवावी. लिबरऑफिस, फायरफॉक्स, व्हीएलसी ही सगळी औते तिच्यावरही तशीच चालतात.

राखण कशी कराल?

पीक घरात येईपर्यंत आपले नव्हे, तसेच प्रत काढेपर्यंत हिशेब आपला नव्हे. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याने 57 फूट ओलांडले, तेव्हा कित्येकांच्या वह्या, दाखले आणि यंत्रे एकदमच पाण्यात गेली. म्हणून फायलींच्या तीन प्रती असाव्यात. एक संगणकात, एक पेन ड्राइव्हवर, आणि एक दुसऱ्या गावी, उंचावरच्या पाहुण्यांकडे. नदीकाठच्यांनी ती कुपवाडच्या सोयऱ्यांकडे ठेवावी आणि दर अमावास्येला बदलावी, म्हणजे दिवस लक्षात राहतो.

विजेचा भरवसा नसेल तर यूपीएस हा पहिला विकतचा जोड समजा. तो दहा-पंधरा मिनिटे जरी चालला तरी काम जतन करून यंत्र नीट बंद करता येते. लिबरऑफिस आपणहून दर काही मिनिटांनी उघड्या कामाची नोंद ठेवते. तो अवधी सेटिंगमध्ये तीन मिनिटांवर आणावा. प्रिंटर मात्र चार घरांत मिळून एक घेतला तरी भागते.

शेवटी दोन पथ्ये. विकतचे सॉफ्टवेअर कुलूप तोडून फुकटात देतो म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. तशा फायलींतूनच पुष्कळदा विषाणू येतात. सॉफ्टवेअर नेहमी त्याच्या मूळ संकेतस्थळावरून उतरवावे. दुसरे, ‘बँकेतून बोलतोय, अनुदान अडलेय’ असे सांगून कोणी फोनवर एनीडेस्कसारखे सॉफ्टवेअर घालायला लावले तर फोन ठेवा. त्याने तुमचा संगणक त्याच्या हाती जातो. पैसे गेलेच तर वेळ न दवडता 1930 या क्रमांकावर कळवा.

हे सगळे एका दिवसात होणार नाही आणि करूही नये. येत्या रविवारी मराठी कळफलक चालू करा आणि घरातल्या प्रत्येकाला आपले नाव आणि गावाचे नाव लिहू द्या. पुढच्या रविवारी लिबरऑफिस बसवून या हंगामाचा तक्ता आखा. तिसऱ्या रविवारी पेन ड्राइव्हवर प्रत काढा. तोवर बाकीचे थांबले तरी चालेल.