घामाची परतफेड

कामगार संघटनेच्या माणसाने पगारवाढ, बोनस आणि भरपाई यांवर बोलावे; ताक, पन्हे आणि आंबील हा विषय स्वयंपाकघराकडे सोपवून स्वस्थ बसावे, अशी लोकांची साधारण समजूत असते. तिच्याशी माझे भांडण नाही. परंतु घाम हा आमच्या धंद्यातला मूळ जिन्नस आहे. तो किती गळतो, त्याबरोबर शरीरातून काय जाते आणि गेलेले परत कसे भरून येते, हा हिशेब मजुराला ठाऊक हवा, तितकाच त्याच्या घरच्या माणसांनाही ठाऊक हवा. कारण ही परतफेड चुलीपाशीच व्हायची असते. मी वैद्य नव्हे. जे सांगणार आहे ते वाचलेले, डॉक्टरमंडळींना विचारून घेतलेले आणि वस्तीत वावरताना पाहिलेले असे आहे.

चैत्र-वैशाखात सोलापूर, जळगाव, नागपूर या बाजूला पारा चाळीस अंशांच्या वर जातो. हवा कातडीपेक्षा तापली की अंगातली उष्णता बाहेर टाकण्यास शरीराजवळ एकच उपाय उरतो. घाम गाळणे आणि तो वाळू देणे. अंगमेहनत करणाऱ्या माणसाचा अशा वेळी तासाला लिटरभरापर्यंत घाम जाऊ शकतो. त्या लिटरात नुसते पाणी नसते. एक ते तीन ग्रॅम मीठही असते. सदरा वाळल्यावर पाठीवर जे पांढरे डाग उमटतात ते याच मिठाचे. इंग्लंडातील कोळशाच्या खाणींत कामगारांच्या हातापायांत विलक्षण गोळे येत. खोल खाणीतल्या उष्म्यात ही माणसे भरपूर पाणी पीत, तरी गोळे येतच. त्याचे कारण मॉस नावाच्या संशोधकाने १९२३ साली मांडले: गेलेले पाणी परत मिळाले, पण गेलेले मीठ परत मिळाले नाही. पाण्यात थोडे मीठ घालून दिल्यावर ही तक्रार कमी झाली. आपल्याकडे कापडखात्यात किंवा भट्टीवर काम करणारा माणूस रात्री पोटरीत गोळा आल्याने ओरडत उठतो, तेव्हा घरचे लोक तेल चोळतात. तेल चोळावे, पण दुपारच्या डब्याबरोबर काय प्यायला दिले होते, हेही एकदा पाहावे.

आता मिठाच्या जोडीस साखर का लागते ते पाहू. आपल्या लहान आतड्याच्या अस्तरात अशी व्यवस्था आहे की, ग्लुकोज आणि मिठातले सोडियम ही दोघे एकमेकांचा हात धरून आत शिरतात, आणि त्यांच्या मागोमाग पाणीही आत ओढले जाते. हा सिद्धांत रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग येथे मांडला. जुलाबाने आतडे हैराण झालेले असले तरी हे दार बंद होत नाही, ही त्यातली मोठी नशिबाची गोष्ट. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांचे लोंढे बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत पटकीची साथ भडकली. शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले. त्या वेळी डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा अशा पुड्या बांधून घेतल्या, पाणी पिंपांत भरून ठेवले आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच ते पाजावयास सांगितले. अशा छावण्यांत एरवी शंभरांपैकी वीस ते तीस रोगी दगावत. येथे ते प्रमाण चारांच्या आत आले. आया, बहिणी आणि भाऊ यांनी भांड्याने पाणी पाजून हे घडविले, म्हणून ही हकीकत मला फार मोलाची वाटते.

हे लक्षात ठेवून आपल्या घरच्या पेयांकडे पाहिले तर मौज वाटते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला जे पन्हे दिले जाते त्यात गूळ आहे, मीठ आहे आणि कैरीची आंबटाई आहे. लिंबाच्या सरबतात चिमूटभर मीठ घातल्यावाचून त्याला चव येत नाही. कोकणातले कोकमाचे आगळ तर मिठातच टिकवलेले असते. आपल्या पूर्वजांना सोडियम ठाऊक होते असे म्हणण्याचा मोह काही वक्त्यांना होतो, तो मला होत नाही. त्यांना जीभ होती आणि उन्हातले काम होते. जे प्यायल्यावर तरतरी वाटली ते त्यांनी ठेवले. मात्र जिभेला प्रमाण कळत नाही, आणि प्रमाणाचे तर येथे फार महत्त्व आहे.

म्हणून तीन प्रसंग वेगळे धरावेत. पहिला जुलाबाचा. येथे चवीला स्थान नाही, मापाला आहे. एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. शीग लावू नये. मीठ जास्त पडले तर लहान मुलाला ते अपायकारक होते. तयार पाण्याची चव डोळ्यांतल्या आसवांहून खारट लागता कामा नये. दोन वर्षांच्या आतील मुलास प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धी फुलपात्री, चमच्याचमच्याने. मोठ्या मुलास त्याच्या दुप्पट. पाणी चोवीस तासांनी टाकून द्यावे. अंगावरचे दूध तोडू नये. सरकारी दवाखान्यात मिळणारी ओआरएसची पुडी याहून सरस, कारण तीत पोटॅशियमही असते. पुडी हाताशी नसेल तोवर हे पाणी किंवा मीठ घातलेली भाताची पातळ पेज. मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, पिईनासे झाले किंवा शौचात रक्त दिसले, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ओआरएस ही अक्षरे छापलेली गोड पेये खोक्यांतून औषधांच्या दुकानांत वर्षानुवर्षे विकली गेली. त्यांत साखर प्रमाणाबाहेर आणि क्षार अपुरे, म्हणजे जुलाब थांबण्याऐवजी वाढण्याचीच भीती. हैदराबादच्या डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध कित्येक वर्षे चिकाटीने लढा दिला, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ही अक्षरे छापण्यास मनाई केली. मोर्चा न काढता एका बाईने हे करून दाखविले. आम्हा मोर्चेवाल्यांनी ते ध्यानात ठेवावे.

दुसरा प्रसंग घामाचा. यंत्रावर, भट्टीवर, शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्या माणसाला डब्याबरोबर लिटरभर ताक द्यावे. एक वाटी दह्याला तीन-चार वाट्या पाणी, बेताचे मीठ, थोडे जिरे. त्याहून भरीव हवी तर आंबील. जोंधळ्याचे किंवा नाचणीचे पीठ रात्री ताकात भिजवून ठेवावे, सकाळी उकळत्या पाण्यात सोडून ढवळत शिजवावे, निवल्यावर पुन्हा ताक, मीठ, ठेचलेला लसूण घालावा. हे पेयही आहे आणि न्याहारीही. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना, म्हणजे कॅल्शियम, असते. तांदूळ-गव्हाला ते साधत नाही. शहरात आल्यावर आपल्या लोकांनी आंबील गावाकडचे गरिबीचे खाणे म्हणून टाकून दिले आणि सकाळी उपाशीपोटी दोन कप चहा आरंभिला, याचे मला वाईट वाटते. उन्हात खिशात कांदा ठेवणारेही पुष्कळ भेटतात. खिशातला कांदा काही करीत नाही; भाकरीबरोबर खाल्ला तर निदान तोंडाला चव येते.

तिसरा प्रसंग बसून काम करणाऱ्यांचा, आणि या सभागृहात त्यांची संख्या मोठी असावी. पंख्याखाली बसणाऱ्याचा घामच जेथे बेताचा, तेथे मिठाची परतफेड कसली करायची? जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसास दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ सांगितले आहे, आणि ते भाजी-आमटी, लोणचे-पापडात केव्हाच ओलांडले जाते. रक्तदाबाच्या माणसाने ताक अळणी प्यावे. साखरेचेही तसेच. त्याच संघटनेने २०१५ साली वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवावयास सांगितली. बाटलीतल्या काळ्या गोड पेयाच्या एका ३०० मिलिलिटरच्या बाटलीत ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते. गूळ म्हणजे साखर नव्हे असे समजून पन्ह्यात सढळ हात सोडणाऱ्यांनीही सावध असावे. शरीराच्या खातेवहीत दोन्ही एकाच सदरात पडतात. कैरी उकडून तिचा गर काढला की गराइतकाच गूळ घालून पाहावा, दुप्पट घालण्याची चाल सोडावी. मधुमेह्याने पन्ह्याऐवजी ताकच घ्यावे.

भांड्यांविषयी आमच्या आजीपणजींचे ज्ञान पक्के होते. आंबट ताक बिनकल्हईच्या पितळेत ठेवले की कळकते, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नव्हते. हल्ली तांब्यापितळेच्या भांड्यांची हौस पुन्हा आली आहे, कल्हईवाला मात्र गल्लीतून नाहीसा झाला आहे. तेव्हा तांब्यात पाणी ठेवा, पण लिंबू, कोकम, कैरी, ताक यांना काच, चिनी माती किंवा स्टेनलेस स्टील वापरा. ॲल्युमिनियमही आंबटाला नको. पाण्याची शंका असेल तर खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर तसेच उकळू द्यावे. माठ रोज घासावा. बोटे बुडवून पेला काढू नये. लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे किंवा तोटीचा माठ घ्यावा. उकळलेल्या पाण्याचे सरबत करून त्यात गाडीवरचा बर्फ टाकणे म्हणजे केलेल्या मेहनतीवर पाणी ओतणे होय. मासळी थंड ठेवण्याचा बर्फ कशा पाण्याचा असतो ते पाहून यावे.

चहाबद्दल दोनच वाक्ये. जेवणाबरोबर किंवा जेवण होताच घेतलेला चहा भाजी-भाकरीतले लोह अंगी लागू देत नाही. तासाभराचे अंतर ठेवावे, आणि जेवताना लिंबाची फोड पिळावी, कारण लिंबातले ‘क’ जीवनसत्त्व तेच लोह शोषण्यास मदत करते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी शंभरांत ५७ जणींना रक्तक्षय आढळला, तेव्हा ही फोड क्षुल्लक समजू नये.

आणि स्त्रियांचाच विषय निघाला म्हणून, ज्यासाठी मी हा विषय घेतला ते सांगतो. घरात ताक केले जाते; ते आधी पुरुषांच्या डब्यात जाते, मग मुलांना, आणि उरले तर करणारीला. चुलीपुढे उभी असलेली बाई भट्टीवरच्या कामगारासारखीच घामाघूम असते, पण तिचा घाम कोणी मोजत नाही. जी बाहेर कामाला जाते तिची स्थिती आणखी बिकट. बांधकामावर पाट्या उचलणाऱ्या, बाजारात भाजी विकणाऱ्या, शेतावर राबणाऱ्या बायांना मी पाणी का पीत नाही असे विचारतो, तेव्हा प्रथम त्या हसतात. मग एखादी वयस्कर बाई सांगते: भाऊ, प्यायलं तर जायचं कुठं? सकाळी घरून निघण्याआधी जाऊन यायचे आणि संध्याकाळी परतेपर्यंत ओठ ओले करण्यापुरते पाणी घ्यायचे, असा या बायांचा नेम आहे. लघवीची जळजळ, ताप, चक्कर, मूतखडे ही त्याची फळे. अशा बाईला ताकाचे गुण सांगून काय उपयोग? तिच्या डब्यात ताक असले तरी ती ते संध्याकाळी घरी आल्यावर पिणार.

१९४८ च्या कारखाने कायद्यातले अठरावे कलम पिण्याच्या पाण्याचे होते. पाण्याच्या जागेवर बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत ‘पिण्याचे पाणी’ असे लिहावे, ती जागा मोरी-मुतारीपासून सहा मीटरांच्या आत नसावी, अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे उन्हाळ्यात पाणी गार करून द्यावे, इतके बारकावे त्यात होते. २०२५ च्या नोव्हेंबरात त्याची जागा नव्या संहितेने घेतली. तीतही पिण्याचे पाणी आणि स्त्रियांसाठी वेगळे शौचगृह, ही दोन्ही मालकाची जबाबदारी म्हणून सांगितली आहेत. आम्ही मागण्यांचे पत्रक लिहितो तेव्हा या दोन गोष्टी पुष्कळदा तेराव्या-चौदाव्या कलमात येतात आणि वाटाघाटीत पहिल्या सुटतात. यंदा आमच्या बायांनी त्या वर घ्यायला लावल्या आहेत: पाणी दुसऱ्या क्रमांकावर, आणि शौचगृह पहिल्या.