पोथीची बैठक : समूहवाचनाचा आनंद आणि त्याची घडण

ग्रंथ एकट्याने व मनातल्या मनात वाचावयाचा असतो, ही समजूत आज इतकी रूढ झाली आहे की तिला काही इतिहास असेल असे सहसा वाटत नाही. मराठीपुरते बोलावयाचे तर ही समजूत फार जुनी नव्हे. १९०१ च्या खानेसुमारीत भारतातील साक्षरतेचे प्रमाण शेकडा पाचाच्या आसपास होते; तथापि श्रीधराचे 'रामविजय' (१७०३), 'पांडवप्रताप' (१७१२) आणि 'शिवलीलामृत' (१७१८) हे ग्रंथ ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा असंख्य घरांतून परिचित होते. ग्रंथाचा वाचकवर्ग आणि ग्रंथाचा आस्वादकवर्ग यांतील हे अंतर भरून काढणारी संस्था म्हणजे पोथीची बैठक होय. चातुर्मासात देवळात, चावडीवर किंवा एखाद्या घराच्या ओसरीवर 'पोथी लावली' जाई. एकजण वाची, बहुधा दुसरा अर्थ सांगे व बाकीचे ऐकत. या प्रकाराची नोंद धार्मिक आचार म्हणून पुष्कळदा घेतली जाते. वाङ्मयीन आस्वादाची एक स्वतंत्र रीत म्हणून मात्र त्याचा विचार व्हावा तितका झालेला नाही.

हे ग्रंथ घडले तेच मुळी कानासाठी. 'ज्ञानेश्वरी' (१२९०) हे श्रोत्यांपुढे केलेले निरूपण आहे, आणि श्रोत्यांच्या अवधानाची विनवणी तीत वारंवार येते. 'दासबोधा'चा आरंभच श्रोत्यांच्या पृच्छेने होतो. त्याच ग्रंथातील लेखनक्रियेच्या समासात तरुणपणी काढलेले बारीक अक्षर म्हातारपणी कामास येत नाही, असा व्यावहारिक इशारा रामदासांनी दिला आहे. पोथी पिढ्यान्‌पिढ्या हाताळली जावयाची, हे ज्याने गृहीत धरले आहे त्यालाच असला इशारा सुचावा.

ओवीची रचनाही या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ग्रंथनिविष्ट ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात. चौथा आखूड आणि बहुधा यमकमुक्त असतो. ऐकणाऱ्याच्या अनुभवात याचा परिणाम असा होतो की, दुसऱ्या चरणाचे यमक कानी पडताच तिसऱ्याची अपेक्षा जागी होते, ती पुरी होते, आणि चौथ्या चरणाशी वाचणारा व ऐकणारा दोघेही श्वास घेतात. अर्थ सांगणाऱ्याला तोंड उघडण्यास जागा मिळते ती येथेच. पुष्कळ वर्षे पोथी ऐकलेली माणसे तिसरे यमक वाचकाच्या आधीच पुटपुटतात. एकांतात वाचणाऱ्याला पुढे काय होणार याची उत्सुकता असते. बैठकीतील श्रोत्याला पुढचे ठाऊक असते आणि तरीही तो वाट पाहतो. दोहोंपैकी दुसरे सुख कमी प्रतीचे मानण्याची आधुनिक समीक्षेची सवय आहे. ती कादंबरीच्या सहवासाने लागली असावी.

'पांडवप्रतापा'चे अध्याय ६४, आणि चातुर्मासाचे दिवस सुमारे १२०. म्हणजे दर रात्री अर्ध्या अध्यायाच्या गतीने ग्रंथ चार महिने सहज पुरतो. कोठे थांबावयाचे हा प्रश्न त्यामुळे रोजचाच. अशुभ किंवा शोकाच्या प्रसंगावर पोथी बांधू नये असा संकेत आहे. तो पाळण्यासाठी बैठक लांबवावी लागे. स्वयंवराच्या अध्यायास अक्षता आणि समाप्तीस प्रसाद हेही त्यातलेच. कथेचा काळ आणि ऐकणाऱ्यांचा काळ अशा रीतीने एकमेकांत गुंतत असत.

या बैठकीचे चित्र केवळ सौहार्दाचे रंगविणे मात्र सत्याला सोडून होईल. देवळातील वा वाड्यातील बैठकीत कोणी कोठे बसावे हे जातीने ठरत असे, आणि अनेकांना बसण्याची मुभाच नव्हती. परंतु पोथी तेवढ्याच ओसऱ्यांवर वाचली जात होती असेही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत आपल्या घरातील वाचनाची आठवण नमूद केली आहे. त्यांचे वडील रामजी सकपाळ कबीरपंथी. ते मुलांकडून महाभारत-रामायणाचे वाचन करवून घेत. बहिणींना आणि कथा ऐकण्यास घरी जमणाऱ्या इतरांना ही कथा वाचून दाखविण्याचे काम बाबासाहेबांकडे असे. ज्या ग्रंथांत शूद्र व अस्पृश्य यांना हीन लेखले आहे ते आपण का वाचावयाचे, असा प्रश्न मुलाने वडिलांना केला. द्रोण आणि कर्ण लहान स्थितीतून केवढ्या उंचीला गेले ते पाहा, वाल्मीकी कोळी असून रामायणाचा कर्ता झाला, आपल्या मुलांच्या मनातील न्यूनगंड जावा म्हणून हे वाचन, असे वडिलांचे उत्तर होते. त्या युक्तिवादात काही बळ आहे हे त्यांना दिसले, पण त्यांचे समाधान झाले नाही, असे आंबेडकर सांगतात.

ही नोंद समूहवाचनाच्या अभ्यासकाला फार मोलाची वाटावी. मोठ्याने वाचणारा मुलगा त्या शब्दांना आपला आवाज देत होता. न पटणारे वाक्य त्याला गिळून पुढे जाता येत नव्हते, कारण ऐकणारे समोर होते. तेच वाक्य एकांतात नजरेआड करणे सोपे गेले असते. वडिलांचे उत्तरही, बारकाईने पाहता, अर्थ सांगणाऱ्याचेच उत्तर आहे: मूळ संहिता तीच ठेवून तिच्यातून वेगळा अभिप्राय काढणारे. बैठकीचा आनंद केवळ एकमताचा असतो अशी कल्पना या एका उदाहरणाने ढासळते.

मुद्रणाने ही रीत लगेच मोडली नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी 'ज्ञानेश्वरी'ची शिळाछापील प्रत काढली ती १८४५ मध्ये. त्यानंतरही दीर्घकाळ छापखान्यांतून सुट्या आडव्या पानांच्या पोथ्या निघत राहिल्या, कारण त्या चौरंगावर मांडावयाच्या होत्या. पुढे 'केसरी' (१८८१) सारखी वृत्तपत्रेही गावोगाव एकाने वाचावी व दहांनी ऐकावी अशीच पसरली. बदल झाला तो वेगळ्या जागी. आजच्या 'ज्ञानेश्वरी' पारायणात सहभागी होणाऱ्या प्रत्येकाच्या हाती स्वतःची प्रत असते आणि व्यासपीठचालकाच्या मागोमाग सर्वजण एका सुरात ओव्या म्हणतात. ओवी संपताच दुसरी ओवी सुरू होते. चौथ्या चरणानंतरची ती जागा, जेथे कोणी अर्थ सांगत असे व कोणी मध्येच प्रश्न विचारीत असे, पारायणाच्या वेळापत्रकात उरत नाही. अर्थनिरूपण झालेच तर ते सायंकाळच्या प्रवचनात, एका वक्त्याच्या तोंडून होते.